कुरणशाळा व गैरहजेरीचा कागद

शाळेचा हजेरीपट हें इतिहासाचें साधन होय असें म्हटलें असतां आमच्या संग्राहक वाचकांपैकीं पुष्कळांस तें चमत्कारिक वाटेल. ज्यांनीं सनदा, महजर, निवाडपत्रें हाताळलीं, ज्यांच्या घरीं बखरींचीं बाडें आणि पोथ्यांचे रुमाल आढ्यापर्यंत रचलेले आहेत, त्यांना मास्तरानें आंखलेले उभे-आडवे रकाने व त्यांतील हजर-गैरहजरीच्या खुणा क्षुद्र वाटाव्या हें स्वाभाविक आहे. परंतु राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला त्या काळीं घरोघरचीं जुनीं पत्रेंसुद्धां बहुतेकांच्या लेखीं रद्दीच होतीं, हें आपण विसरूं नये. कोणता कागद ठेवावा व कोणता टाकावा हें ठरवितांना, आपण कोणाचा इतिहास लिहूं इच्छितों याचाहि निर्णय नकळत होऊन गेलेला असतो.

प्रस्तुत लेखांत आम्हीं एकच प्रश्न विचारार्थ घेतला आहे. दूरच्या, डोंगराळ मुलुखांतील शाळेच्या पटावर 'गैरहजर' अशी नोंद असते, तिचा अर्थ काय करावा? 'मुलांना गोडी नाहीं, पालक अडाणी आहेत' असा तिचा अर्थ करण्याचा प्रघात पडून गेला आहे, व एकाचें वाचून दुसऱ्यानें लिहावें अशा रीतीनें तो पुढें चालत आला आहे. आमच्या मतें हा अर्थ चुकीचा आहे; आणि तो कां चुकीचा, याचा पुरावा बोरडी व कोसबाड येथें १९४५ पासून जें शिक्षणकार्य झालें त्याच्या इतिहासांत चांगला सांपडतो.

बोरडी हें समुद्रकांठचें गांव, व कोसबाड ही तेथून आंतल्या अंगाची टेकडी. दोन्ही स्थळें डहाणूच्या परिसरांतलीं. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. किनाऱ्याच्या पट्टींत चिकूच्या वाड्या, बाजारपेठ, आगगाडीचा रस्ता; आणि तेथून पूर्वेकडे वळलें कीं डोंगर, रान व वारल्यांचे पाडे. 'पाडा' या शब्दाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. देशावरच्या गांवाला गांवठाण असतें, वेस असते, चावडी व देऊळ असतें; शाळा काढावयाची तर ती चावडीशेजारीं काढतां येते. पाड्याला यांपैकीं फारसें कांहीं नसतें. झोंपड्या आपापल्या शेताच्या अंगानें विखुरलेल्या असतात. 'गांव तेथें शाळा' हा नियम अशा मुलुखास लावला म्हणजे शाळा ज्या गांवांत निघते तें गांवच मुलांना परकें असतें. पटावर पहिली गैरहजेरी लागते ती येथूनच.

वारल्यांच्या तत्कालीन स्थितीविषयीं लेखी साधनांची वाण नाहीं. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनें सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्याकडून आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करविली. त्यानें वर्णिलेल्या गोष्टींत वेठ आहे आणि 'लग्नगडी' आहे. लग्नगडी म्हणजे लग्नाच्या खर्चापुरतें कर्ज काढून त्याच्या फेडीसाठीं सावकाराकडे वर्षानुवर्षें राबणारा माणूस. के. ज. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ सालीं निघाला. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक १९७० सालचें. सरकारी चौकशीदार, जमातीचा अभ्यासक आणि चळवळीची कार्यकर्ती अशा तीन निराळ्या जागांवरून या साक्षी दिलेल्या आहेत, आणि साक्षीदाराची जागा कोणती हें पाहिल्याशिवाय साक्ष वाचूं नये हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा येथेंहि लागू आहे.

१९४५ हें वर्ष या मुलुखाच्या इतिहासांत विशेष होय. त्या वर्षाच्या मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची सभा भरली व वेठ आणि लग्नगडीची पद्धति मोडण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीं ११ ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड याच्यासह पांच माणसें मेलीं. आणि त्याच वर्षीं बोरडी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालें. या गोष्टी एकमेकींच्या पोटांतून निघाल्या असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचे प्रवर्तक निराळे, मार्ग निराळे, भाषाहि निराळी. परंतु संग्रहालयांची रीत अशी कीं 'चळवळ' हा एक रुमाल व 'शिक्षण' हा दुसरा रुमाल, आणि एकाचा वाचक सहसा दुसरा सोडून पाहत नाहीं. ज्या घरांतला बाप वेठीस नकार देत होता त्याच घरांतलें मूल पटावर गैरहजर होतें, ही साधी गोष्ट या वर्गीकरणांत हरवते. तिन्ही घटना एका वर्षाच्या आंत व कांहीं कोसांच्या टप्प्यांत घडल्या एवढें तरी ध्यानांत ठेवणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे.

बोरडी हें गांव शिक्षणास नवें नव्हतें. गोखले एज्युकेशन सोसायटीचें हायस्कूल तेथें १९२० पासून होतें, व आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे शिक्षक तेथें येऊन राहिलेले होते. ही पूर्वपीठिका नसती तर ताराबाई मोडक यांनीं नेमकें हेंच गांव निवडलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

ताराबाई (१८९२–१९७३) यांचें पूर्वचरित्र सर्वश्रुत आहे. राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजाचें प्रमुखपद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्ति संस्थेंत काम करूं लागल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार निघालें. दादरची शाळा हें शहरांतलें यश होतें. माँटेसरी बाईंची पद्धति, तिचीं गुळगुळीत लांकडी साधनें, तिच्या मोजून-मापून केलेल्या पेट्या, हें सर्व शहरांतील सुखवस्तु घरांच्या मुलांस लाभलें. खेड्यांतील मुलांचें काय, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचें उत्तर शोधण्यास त्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं बोरडीस आल्या. त्यांच्याबरोबर आल्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). अनुताई मोरगांवच्या, बालविवाह व लागलेंच वैधव्य हें त्या पिढीच्या अनेक स्त्रियांचें प्राक्तन त्यांच्याहि वांट्यास आलें होतें. १९२९ पासून चांदवड येथें व पुढें पुण्यास हुजूरपागेंत त्यांनीं शिकविलें. म्हणजे घंटा, तास, वर्ग, फळा या शिस्तींत त्यांचीं सोळा वर्षें गेलीं होतीं. पुढें ज्या गोष्टी मोडाव्या लागल्या त्या त्यांस आंतून ठाऊक होत्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

बोरडीस प्रथम निघाली ती बालवाडी. तींत गांवांतील मुलें आलीं. ज्यांच्यासाठीं खरें येणें झालें होतें तीं मात्र आलीं नाहींत. हरिजन व आदिवासी वस्तींतील मुलें दूरच राहिलीं. येथें बहुतेक संस्था एखादें प्रचारपत्रक काढतात, नाहीं तर पालकांची सभा भरवून त्यांस दोष देतात. या बायांनीं काय केलें, तर बालवाडी उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली. मुलें आधीं न्हाऊ-माखूं घालावयाचीं, नखें काढावयाचीं, केस विंचरावयाचे, आणि मग गाणीं, गोष्टी, खेळ. हीच 'अंगणवाडी'. साधनांचाहि प्रश्न असाच सुटला. विकतच्या पेट्यांच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें, बांबूचे तुकडे व माती आली. लहानमोठें, जडहलकें, गुळगुळीत-खरबरीत हा भेद बोटांना कळावा एवढाच त्या साधनांचा हेतु. तो शिंपल्यानेंहि साधतो, आणि शिंपला हरवला तर दुसरा मिळतो. जुन्या पंतोजींच्या धूळपाटीशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस यांत अपूर्व असें कांहीं वाटणार नाहीं. फरक एवढाच कीं पंतोजीची धूळपाटी पंतोजीच्या ओसरीवर होती.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचें बिऱ्हाड बोरडीहून कोसबाडच्या टेकडीवर हललें. येथें वस्ती जवळजवळ सर्व वारल्यांची. आणि येथेंच गैरहजेरीचा खरा अर्थ उकलला.

त्या घरांतील मुलांचा दिवस कसा जात असे तें पाहूं. आईबाप मजुरीस गेले कीं तान्ह्या भावंडास कडेवर घेऊन फिरणें हें सहा-सात वर्षांच्या मुलीचें काम. तिला शाळेंत या म्हणावें तर मूल कोठें ठेवावें? जरा मोठा मुलगा झाला कीं त्याच्या हातीं काठी व गुरें. भाताचीं रोपें वर आलीं म्हणजे गुरें शेतांपासून दूर ठेवावीच लागतात. शेतास कुंपण नाहीं, म्हणून गुरांस राखणारा पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं हीं गुरें घरचींहि नसत, धन्याचीं असत. भात कापून झालें, गुरें मोकळीं सुटलीं, आतां तरी मुलगा रिकामा होईल म्हणावें, तों गवतकापणीस व जंगलच्या कामास सगळें घरच बाहेर पडे. म्हणजे गैरहजेरीला वेळापत्रक होतें, आणि तें शाळेच्या वेळापत्रकापेक्षां फार जुनें होतें.

हें ओळखून कोसबाडला दोन गोष्टी केल्या गेल्या. एक 'विकासवाडी': पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत. मुलगी भावंडास घेऊन येते ना, येऊं द्या. तान्हें पाळणाघरांत, मधलें बालवाडींत, ती स्वतः वर्गांत. भावंडें हीच तिची अडचण होती, तीच तिला शाळेंत आणणारी झालीं. दुसरी गोष्ट 'कुरणशाळा'. गुराखी शाळेंत येऊं शकत नाहीं, तर शिक्षकानें गुरांमागें कुरणांत जावयाचें. गुरें चरत असतांना झाडाच्या सावलींत पोरें जमवावयाचीं. गोष्ट सांगावयाची, गाणें म्हणावयाचें. बिया-खडे मांडून मोजणी, काडीनें मातींत अक्षर.

ऐकण्यास हें सोपें व रम्य वाटतें. परंतु थोडा विचार केला तर यांत शिकविणाऱ्याची किती परीक्षा आहे तें कळेल. वर्गांतल्या धड्याला चार भिंती व घंटा यांचा आधार असतो. कुरणांतला धडा असा पाहिजे कीं तो कोणत्याहि क्षणीं सोडतां आला पाहिजे, कारण गुरें पांगलीं कीं पोराला उठावेंच लागणार. आणि तें परत आल्यावर जेथें सुटला तेथून उचलतांहि आला पाहिजे. कोणतीं चार मुलें आज भेटतील याचा नेम नाहीं. कुरण बदललें कीं सोबती बदलले. शिवाय त्या जागेंत शिक्षक हाच अडाणी. कोणतें झाड कोणतें, कोणत्या पाल्याला गुरूं तोंड लावीत नाहीं, पाणी कोठें टिकतें, साप कोणता विषारी, हें सर्व विद्यार्थ्यास ठाऊक. अशा ठिकाणीं 'मी सांगतों, तूं ऐक' ही रीति एक दिवसहि चालणार नाहीं. आमच्या मतें कुरणशाळेचें महत्त्व गुराख्यांना चार अक्षरें आलीं यापेक्षां येथेंच अधिक आहे.

बोलीचा प्रश्न हा त्यांतलाच. वारली बोली मराठीला जवळची खरी, पण पुस्तकी मराठी तेथील मुलाला आपली वाटत नाहीं. आणि बोलीला लेखनपरंपरा नाहीं. म्हणून या लोकांना 'निरक्षर' म्हणून मोकळें होणें सोपें पडतें. वस्तुतः लग्नाच्या वेळीं कुडाच्या गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहिला जातो — लोक 'चौक लिहिणें' असेंच म्हणतात — त्यांत पालघट देवी मांडली जाते, आणि धवलेरी गाण्यांनीं तो विधि चालविते. ज्यांच्या संग्रहीं सचित्र पोथ्या आहेत त्यांनीं हें एकदां पाहावें. लिहिण्याची कल्पना तेथें परकी नव्हती. शाळेचें लिहिणें परकें होतें.

शिक्षकानें विद्यार्थ्याकडे जावें ही कल्पना जगांत अगदींच एकटी नाहीं. नॉर्वे देशांत १७३९ च्या फर्मानानंतर डोंगरदऱ्यांतील विखुरलेल्या शेतघरांसाठीं फिरत्या शाळा चालत. मास्तर कांहीं दिवस या घरीं, कांहीं दिवस त्या घरीं राहून शिकवी. १८६० च्या कायद्यानें तेथें कायम शाळांवर भर दिला व फिरती शाळा मागें पडत गेली. साम्य मोठें आहे, पण भेद त्याहून महत्त्वाचा. तेथील मास्तर घरापर्यंत गेला. कोसबाडची शिक्षिका मुलाच्या कामापर्यंत गेली.

या कार्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मुलानें गुरें राखावीं हें गृहीत धरूनच कुरणशाळा चालते. म्हणजे बालकाच्या मजुरीला ती एक प्रकारें मान्यताच देते, असें कोणी म्हणेल. बापाला पुरती मजुरी मिळाली तर मूल कुरणांत कशाला जाईल? हा प्रश्न तलवाड्याच्या बाजूनें विचारलेला आहे व तो खरा आहे. शिक्षकाच्या हातीं मजुरीचे दर नव्हते, हें त्याला उत्तर आहे खरें, पण तें अपुरें आहे. आमचें मत असें कीं कुरणशाळेनें मजुरी हटविली नाहीं, परंतु ती दृश्य केली. पटावर जी नुसती खूण होती तिच्या जागीं काठी घेतलेला मुलगा उभा राहिला. इतिहासलेखकाला एवढें पुरेसें आहे. समाजास तें पुरेसें होतें असें आम्ही म्हणत नाहीं.

नांवांचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ विभागांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हें नांव मिळालें. आज हा शब्द हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत, ज्यांना मराठी येत नाहीं त्यांच्याहि तोंडीं आहे. 'कुरणशाळा' हा शब्द मात्र कोठेंच गेला नाहीं. असें कां व्हावें? आम्हांस वाटतें, अंगण हें दप्तरांत बसतें. त्याला पत्ता असतो, तेथें पाटी लावतां येते, तपासनीस येऊन डोकीं मोजूं शकतो. कुरण आज येथें, उद्यां पलीकडच्या उतारावर. त्याची तपासणी करावयाची तर तपासनिसालाहि गुरांमागें चालावें लागेल. जी व्यवस्था कागदावर उतरत नाहीं ती राज्यकारभारांत टिकत नाहीं, आणि पुढें इतिहासांतूनहि गळते. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची जी चौकशी झाली, व जिचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं परिश्रमानें संपादून प्रसिद्ध केले, तींतहि शाळा व पढणारीं मुलें मोजलेलीं आहेत. गुरांमागें गेलेल्या मुलांस रकाना असणार कोठून!

आणखी एक सावधगिरीची सूचना. या कार्यासंबंधीं अनुताईंच्या स्वतःच्या लेखनाचा, विशेषतः 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकाचा, आधार घेतला जातो, व तो घेणें योग्यच आहे. ज्या बाईनें १९४५ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, त्याच मुलुखांत काढलीं तिची साक्ष दोन दिवसांच्या दौऱ्यावर आलेल्या पाहुण्याच्या शेऱ्यापेक्षां वजनदार होय. पण तें आठवणींचें लेखन आहे. बखर व समकालीन पत्र यांत आपण जो भेद करतों तो येथेंहि केला पाहिजे; आठवणींच्या जोडीला रोजकीर्द, हजेरीपट, पाळणाघराच्या नोंदी, शिक्षिकांचीं परस्परांस लिहिलेलीं पत्रें हवींत. असे कागद शाळांच्या कपाटांत व निवृत्त शिक्षकांच्या घरीं असतात, आणि कोंकणपट्टींतली दमट हवा व वाळवी त्यांस फार दिवस राहूं देत नाहीं.

तेव्हां आमच्या संग्राहक मित्रांस विनंती अशी: डोंगरी मुलुखांतील कोणत्याहि जुन्या शाळेचा हजेरीपट हातीं लागला तर त्याची नुसती 'पट, अमुक साल' अशी नोंद करून तो बांधून ठेवूं नये. महिनावार गैरहजेरी काढावी. मुलगे व मुली निरनिराळे मांडावे. शेजारीं त्या भागांतील पेरणी, लावणी, कापणी व गवतकापणीचे महिने लिहावे. मुलगे पेरणीपासून कापणीपर्यंत व मुली बारमास गैरहजर दिसल्या, तर तो पट शाळेविषयीं जितकें सांगतो त्याहून अधिक त्या गांवच्या गुरांविषयीं व तान्ह्या मुलांविषयीं सांगत आहे असें समजावें. शेऱ्याचा रकाना विशेष जपून वाचावा. त्यांत मास्तरानें कोठें 'गुरांकडे' असा एखादा शब्द टाकलेला असेल, तर ती नोंद जशीच्या तशी, तारखेसह, उतरून घ्यावी.